अक्रोड फोडणारा बिल्ला

मी एका गुरखा शिपायाचा बिल्ला बोलतोय. कागदोपत्री मी पदक, पण ज्याच्या छातीवर चढलो तो मला बिल्लाच म्हणायचा. स्वभाव आधीच सांगून टाकतो: मी जळका आहे.

मोहिमेवर गेलेल्या प्रत्येकाला आमच्यातला एकेक मिळाला. चेहरा सगळ्यांचा सारखा. शिपायाचं नाव आणि पलटण तेवढी कडेवर कोरलेली. माझ्या शिपायाची बायको मला रोज राखेनं घासायची. धाकटी लेक माझी कड अक्रोडाच्या फटीत घालून पिळायची. दोघींनी मिळून नाव पार घालवलं, वर कडेला तीन खाचा पडल्या. पुढं थोरल्या मुलानं मला मोडीत घातलं आणि मी पदकं जमवणाऱ्या एका घड्याळजीकडं आलो.

त्याच्या मखमली खणात माझ्या शेजारी एक कोरा पठ्ठ्या होता. अक्षर न् अक्षर ठसठशीत. पाहुणा आला की भिंग त्याच्यावर, कौतुक त्याचं. मी आपला कोपऱ्यातल्या गरीब मेहुण्यासारखा. त्याची फीत तेवढी कसरीनं खाल्लेली, तर घड्याळजी बायकोला म्हणाला, "ह्या झिजक्याची फीत त्याला लावतो. उरलेलं सोनाराकडं."

"अहो, नवरे असे वितळवता आले असते तर," बायको म्हणाली.

तिला हसू, माझा जीव जायची वेळ. आणि त्यातही सलत होतं ते हेच, की माझी फीत तो मिरवणार!

दुसऱ्याच दिवशी दुकानात एक म्हातारी आली. "भाऊ, बाबांचा बिल्ला दादानं मोडीत दिला. तुम्ही असले जमवता म्हणे."

"नाव सांगा, मावशी. कडेवर असतं."

"नाव मीच घालवलं." तिनं खणावरून बोट फिरवलं, मला उचललं, पदरातून अक्रोड काढला आणि माझी कड फटीत घातली.

"मावशी, अहो, काय करताय!"

कट्. टरफल दोन बाजूंना. अर्धा गर तिनं त्याच्या हातावर ठेवला. "पटलं?"

त्यानं गर तोंडात टाकला. मग तिनं माझ्या शेजारच्या कोऱ्याकडं पाहिलं. "हा असा कोरा कसा?"

"शिपाई परतलाच नाही. पदकाचं पाकीट घरी आलं, पण ते उघडायचा कुणाला धीर झाला नाही."

खरं सांगतो, तेवढा एक क्षण माझी जळजळ थांबली. माझी फीत त्यालाच मिळू दे, असंही वाटलं. घड्याळजीनं मात्र मला फितीसकट तिच्या पदरात टाकलं.

आता मी तिच्या स्वयंपाकघरात खुंटीला असतो. तिला दात नाहीत, पण नातवंडांना आहेत. परवा सूनबाईनं अक्रोड फोडायचा चिमटा आणलाय. चकचकीत आहे मेला. तो आल्यापासून माझा डोळ्याला डोळा लागलेला नाही.

तेव्हा तुमच्या घरी कुणी माझ्यासारखा असेल, तर त्याला खणात जपून ठेवू नका, हाताळा, झिजवा. आणि आमच्या म्हातारीला भेटलात, तर एवढं सांगा: चिमटा कोराच राहू दे.