धोटा ज्याच्या हातात, त्याने बोलायचं

थांबा. माझं बोलून होईपर्यंत मध्ये बोलू नका. मी धोटा आहे, आणि आज मी चिडलेला आहे.

धोटा पाहिला नसेल तर सांगतो. मागावर उभी सुतं ताणलेली असतात. त्यांच्यामधून आडवं सूत घेऊन जो या टोकापासून त्या टोकापर्यंत पळतो, तो मी. होडीसारखं लाकडी अंग, दोन्ही टोकांना लोखंडी टोप्या, पोटात सुताची कांडी. भिवंडीत, कामतघरच्या केसरीनाथ शेठच्या लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या कारखान्यात मी वर्षानुवर्षं फटके खात पळालो. तिथला आवाज असा, की त्यात जन्म काढलेली माणसं घरी जेवताना मीठसुद्धा ओरडून मागतात.

पुढे माझ्या टोपीला खाच पडली, तिच्यात अडकून सुतं तुटायला लागली. शेठने मला काढून भंगाराच्या गोणीत टाकलं. त्याचा मला राग नाही, धंदाच तो. राग आहे तो पुढच्या गोष्टीचा.

गोणीतून मला उचललं भाविकाने. केसरीनाथ आणि मेघालीची ही लेक तेव्हा चौथीत होती. घर कारखान्याच्या वरच्या मजल्यावर, त्यामुळे पोर निम्मा दिवस कानांवर हात ठेवून वावरायची. मला मात्र तळहातावर फिरवत राहायची, माझी खाच अंगठ्याने चाचपायची. एस.टी.च्या पाट्या तिला तोंडपाठ. अंबाडी, वज्रेश्वरी, गणेशपुरी, विचारा नका विचारू, सांगतच राहायची. पण रडताना कुणी विचारलं, "काय झालं गं?" तर तोंडातून शब्द फुटायचा नाही. शाळेत घंटा जोरात वाजली की ही बाकाखाली.

डॉक्टरांनी ऑटिझम आहे एवढंच सांगितलं. बाकी सगळं नातेवाइकांनी सांगितलं. लाडाने शेफारली, नजर लागली, गणेशपुरीच्या कुंडात आंघोळ घाला. उचलली जीभ लावली टाळ्याला! पोरीला काय होतंय, हे पोरीला विचारावं असं एकालाही सुचलं नाही.

सुचलं ते नेत्राताईला. अशा मुलांशी बोलून, त्यांना बोलतं करून त्यांची भीती कमी करणं हे तिचं काम. तिची खोली छोटी, पंखासुद्धा आवाज न करणारा. पहिल्याच दिवशी केसरीनाथने विचारलं, "मॅडम, पोरगी बोलाला कदी लागंल?"

"ती बोलतेच की," नेत्राताई म्हणाली. "भीती वाटली की आत काय होतं, ते सांगायला तिला शब्द सापडत नाहीत. ते आपण मिळून शोधायचे. आणि हा काही ताप नाही, औषध दिलं आणि उतरला. तिचं मन कसं चालतं, ते तिलाही कळायला हवं आणि तुम्हालाही."

मग ती भाविकाकडे वळली. "शाळेत कसं वाटतं गं तुला?"

"चांगला वाटतं तिला," केसरीनाथ म्हणाला.

"कशाची भीती वाटते?"

"कशाची न्हाय. ऐशी वाघीन हाय आमची!"

नेत्राताईने भाविकाच्या हातातल्या माझ्याकडे बोट दाखवलं. "आजपासून एक नियम. धोटा ज्याच्या हातात, त्याने बोलायचं. बाकीच्यांनी ऐकायचं. ज्याला पुढे बोलायचंय, त्याने आधीच्याचं बोलणं सांगून दाखवायचं."

मी सरसावून बसलो. भंगारातला माल आणि एकदम एवढा मान! भाविकाने मला फिरवलं, पुन्हा फिरवलं. केसरीनाथची चुळबुळ सुरू झाली, पण नेत्राताईने त्याला नजरेनेच बसवलं. आणि पोर बोलली, "घंटा वाजते तेव्हा माझ्या पोटात लूम चालू होतो."

बघा! एवढ्या शहाण्या माणसांना जे कळलं नाही, ते तिने एका वाक्यात सांगितलं. मग दर आठवड्याला आमचं हेच बोलणं. लूम कधी चालू होतो, हळू की जोरात, तो बंद करायला काय करायचं. शांत जागी जायचं, कुणाला तरी आधी सांगून ठेवायचं. शाळेत ती बाईंना सांगून व्हरांड्यात जाऊन बसायला लागली. बाकाखाली जाणं थांबलं. मेघाली एकदा खोलीबाहेर येऊन रडली, सुखाने.

मग आली तिच्या काकाची, भावेशची हळद. आमच्याकडची हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठी. अख्खी आळी, मांडव, आणि भिंती हलवणारा डीजे. नेत्राताईने आधीच विषय काढला, तेव्हा मला हातात धरून भाविका स्पष्ट म्हणाली, "डीजे लागला की मी मागच्या आळीतल्या ठकुआत्याच्या घरी जाणार. दार लावणार. डीजे थांबला की परत येणार."

मग मी गेलो केसरीनाथच्या हातात. त्याच्या दुसऱ्या हातात मोबाइल होता आणि डोळे त्यातच. "हां हां, चालंल, जा तू," असं म्हणून त्याने मला परत ढकललं. तिचं बोलणं सांगून दाखवायचं होतं, ते राहिलंच.

हळदीच्या दिवशी डीजे सुरू झाला. ठरल्याप्रमाणे भाविका मला घेऊन मांडवाबाहेर निघाली. तेवढ्यात केसरीनाथने तिचा दंड धरला. पाहुण्यांपुढे त्याची छाती फुगली होती. "आमची भाविका आता बोलाला लागली! भाविका, बोलून दाखव पावन्यांना." त्याने मला तिच्या मुठीतून ओढून काढलं आणि तिथे माइक कोंबला.

बोलण्याचा उपचार म्हणजे पोरीने माइकवर बोलायचं, असं या माणसाला वाटलं!

ती किंचाळली. ती किंचाळी सगळ्या कर्ण्यांतून मांडवभर घुमली. कुणीतरी हसलं. कुणी म्हणालं, "ह्योच बोलाला शिकवला काय त्या बाईनं?"

दुसऱ्या दिवशी केसरीनाथने फर्मान काढलं. "बंद त्या बाईकडं जाना. काय गुन न्हाय आला."

"आवो, तिनं आदी सांगितला व्हता," मेघाली म्हणाली.

"गप ऱ्हा!" आणि मी परत गोणीत.

गुण आला नाही? कोणाला आला नाही? पोर नीट बोलली, तुझ्यासमोर बोलली, वेळेआधी बोलली. शिकायचं तुझं राहिलं आणि नापास तिला केलंस! अरे, कारखान्यात सूत तुटलं तर तू लूम थांबवतोस, टोक शोधतोस, गाठ मारतोस. तुटलेलं सूत कधी ओढत बसलास का? मग पोरीलाच का ओढलंस? गोणीत पडल्या पडल्या मी नुसता धुमसत होतो.

आणि काल दुपारी, सगळे माग जोरात चालू असताना, भाविका कारखान्यात आली. जिना उतरून ती एकटी कधीच येत नसे. दोन्ही कानांवर हात, डोळे घट्ट मिटलेले. मेन स्विचचा खटका खाली ओढायला तिला एक हात कानावरून काढावा लागला. तो तिने काढला.

सगळं थांबलं.

"सेठ, लाइट गया क्या?" एका कारागिराने विचारलं.

भाविकाने गोणी उपसली आणि मला बाहेर काढलं. केसरीनाथ धावत आला. आवाज थांबला होता, तरी सवयीने ओरडलाच. "काय करतंस भाविका?"

"धोटा माझ्याकडे आहे," ती म्हणाली.

तो थांबला.

"मी सांगितलं होतं. डीजे लागला की ठकुआत्याकडे जाणार. तुम्ही जा म्हणालात. मग तुम्ही धोटा ओढला. पोटातला लूम बंदच झाला नाही. मला नेत्राताईकडे जायचंय. झालं."

तिने मला पुढे केलं. त्याने घेतलं.

"तू सांगितला व्हता..." तो म्हणाला. एवढा हळू आवाज त्याच्याकडे आहे, हे मला माहीतच नव्हतं. "तू सांगितला व्हता, की डीजे लागला की..." आणि तो अडकला. आत्ता सांगितलेलंही त्याच्या कानात राहिलं नव्हतं. मान खाली घालून त्याने मला परत तिच्या हातात दिलं. "मना परत सांग, बाय."

तिने परत सांगितलं, पहिल्यापासून. माग बंदच होते.

आता मी तिच्या दप्तरात आहे. नेत्राताईकडे निघालोय, केसरीनाथही सोबत आहे. माझा राग गेलाय असं समजू नका. हा माणूस अजून कितीदा विसरेल, कोण जाणे. आणि तुमच्या घरातही असेल असं एखादं लेकरू, जे केव्हाचं सांगतंय आणि तुम्ही म्हणताय, ते बोलतच नाही.

माझं बोलून झालं. हा घ्या धोटा. पण स्वतःकडे ठेवू नका, त्या लेकराच्या हातात द्या.