दोनशे चौदावं झाड

वर्लन टिडमोरने ब्रश कॉफीच्या रिकाम्या डब्यात बुडवला, निथळू दिला आणि ओकच्या सालीवरच्या निळ्या पट्ट्यावरून हलकेच फिरवला. डब्यात व्हरांड्याच्या पायऱ्यांना लावून उरलेला तपकिरी रंग होता. त्यात त्याने राख आणि मूठभर कुजका पाला कालवला होता. पहिल्या हातानंतर निळ्याचा हिरवट झाला. दुसऱ्या हातानंतर झाडाला कसलातरी त्वचारोग झाल्यासारखं दिसू लागलं. वर्लन चार पावलं मागे गेला, मान तिरकी करून पाहिलं, आणि पुन्हा पुढे येऊन त्याने ओल्या रंगावर शेवाळाचे तुकडे दाबून बसवले.

दुपारचे साडेबारा झाले होते. हॉइट आणि लॅमार शिकारीच्या तळावर उकडलेल्या शेंगा सोलत बसले असणार. शेंगांची बादली रिकामी होईपर्यंत दोघं उठत नसत. वर्लन ‘पोट बिघडलंय, जरा जाऊन येतो’ असं सांगून निघाला होता. खोटं बोलायची सवय नसल्यामुळे त्याचं पोट आता खरोखरच बिघडलं होतं.

जमीन मिस वीडा स्टॉलिंग्ज यांची. ओढ्याकाठचं एकशे साठ एकर जंगल. ते शिकारीसाठी भाडेपट्ट्याने घेणाऱ्या सिडर ओढा शिकार मंडळात तीनच सभासद होते आणि तिघेही पदाधिकारी होते. हॉइट ग्रिम्सली अध्यक्ष, त्याचा मेव्हणा लॅमार उपाध्यक्ष, आणि अक्षर चांगलं म्हणून वर्लन चिटणीस. गेली अकरा वर्षं नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत दर शनिवारी वर्लन ह्या पांढऱ्या ओकच्या मचाणावर पहाटे चढे आणि जेवणाच्या वेळी उतरे. अकरा वर्षांत त्याने एकही हरीण मारलं नव्हतं. बंदुकीत गोळी भरली नव्हती. अकरा वर्षांपूर्वी घेतलेला गोळ्यांचा खोका अजून सीलबंद होता.

तो मचाणावर वाचत असे. शाळेच्या ग्रंथालयात तीस वर्षं काढूनही त्याला वाचायला सवड मिळाली नव्हती. दर दोन मिनिटांनी कोणीतरी स्वच्छतागृह कुठे आहे ते विचारायला येई. घरी बहीण होती आणि बहिणीचा टीव्ही होता. ओकवर मात्र चार तास कोणी बोलत नसे. बोलायचं नाही असा शिकारीचा नियमच असतो. कोटाच्या आतल्या खिशात पुस्तक, बहुधा ध्रुवाकडे निघालेल्या जहाजांचं, आणि खाली अलाबामाचं ओलसर जंगल. ही गोष्ट त्याने कोणालाही सांगितली नव्हती. साठी उलटलेल्या माणसाने पुस्तक वाचायला बंदूक घेऊन झाडावर चढणं हे कसं सांगायचं, ते त्याला सुचलं नव्हतं.

आणि आता मिस वीडांनी जंगल विरळ करायचं ठरवलं होतं. रेनफ्रो नावाच्या फॉरेस्टर बाईने गेल्या आठवड्यात हिंडून, कापायच्या झाडांना छातीच्या उंचीवर निळा पट्टा मारला होता. लाकूड गिरणीशी करार झाला होता. दोनशे चौदा झाडं. एक कमी नाही, एक जास्त नाही.

वर्लनला करारांविषयी आदर होता. एक झाड वाचवलं तर दोनशे तेराच उरतात, हे त्याला रात्रभर टोचत होतं. म्हणून त्याने तळावरच्या पडवीतून रेनफ्रो बाईने ठेवलेल्या निळ्या रंगाचा एक डबा उचलून आणला होता. जंगलातलं सर्वांत निरुपयोगी झाड शोधायला त्याला वीस मिनिटं लागली. गमचं एक झाड सापडलं. बुंध्यालाच म्हाताऱ्यासारखं वाकलेलं, ना लाकडाचं ना सावलीचं. वर्लनने त्याच्यासमोर टोपी काढली, ‘माफ कर’ असं पुटपुटला, आणि निळा पट्टा मारला.

दुसऱ्या दिवशी गमवर पट्टा नव्हता.

साल कोणीतरी दगडाने घासून काढली होती. वर्लनने झाडाला तीन प्रदक्षिणा घातल्या. म्हणजे आता दोनशे तेराच. आणि हे दुसऱ्या कोणाला तरी ठाऊक आहे. त्या रात्री बहिणीने टीव्ही बंद करून त्याला विचारलं, की तुला बरं नाहीये का.

शनिवारी सकाळी रेनफ्रो बाई शेवटची मोजणी करायला आली. मिस वीडाही आल्या होत्या. वय त्र्याऐंशी, पायात रबरी बूट, हातात काठी, खांद्याला पिशवी. मंडळाचे तिन्ही पदाधिकारी टोप्या हातात घेऊन मागून चालले होते. मोजणी दोन तास चालली. वर्लन मनातल्या मनात कबुलीजबाब लिहीत होता आणि त्यातली विरामचिन्हं सुधारत होता.

“दोनशे चौदा,” रेनफ्रो बाई म्हणाली. “बरोबर आहेत.”

वर्लनने सोडलेला श्वास लॅमारला ऐकू गेला. लॅमारने सोडलेला वर्लनला.

“आता बुंधे बघू.”

“बुंधे?” दोघं एकदम म्हणाले.

“खुणा दोन असतात. एक छातीशी, एक खाली मातीलगत. झाड कापून नेलं तरी खुंटावरची राहते, म्हणजे लबाडी कळते.” ती सौम्यपणे म्हणाली, “लोक वरचीच बघतात.”

ती त्यांना आधी पांढऱ्या ओककडे घेऊन गेली. बुटाच्या टोकाने पाला बाजूला सारला. मुळाशी निळा ठिपका होता, आणि वर शेवाळ चिकटवलेला त्वचारोग. मग ती ओढ्याकडच्या एका सरळसोट तांबड्या ओककडे गेली. त्याच्या पाठच्या बाजूला ताजा निळा पट्टा होता. मुळाशी काही नव्हतं.

हॉइटने पट्ट्याकडे पाहिलं. मग वर पाहिलं. वर त्याचं स्वतःचं मचाण होतं.

“हे माझं झाड आहे!”

“झाड माझं आहे,” मिस वीडा म्हणाल्या. “मचाण तुझं.”

“तेच ते, मिस वीडा, पण ह्याला रंग कोणी फासला? अं? सतरा वर्षं बसतोय मी इथे! कोणाची ही हिंमत?”

लॅमारने घसा खाकरला. तो इतका जाड होता की त्याचं खाकरणंही सावकाश वर येई.

“मी.”

“तू? सख्ख्या बहिणीचा नवरा आहे मी तुझ्या!”

“म्हणून फासला नाही. माझ्या गमवर पट्टा आला एकाएकी. तो वाकडा गम रे, माझी पाठ बसते त्या बाकात. जेवणानंतर मी जरा टेकतो तिथे. तो गेला तर मी टेकू कुठे? पट्टा काढला, पण आकडा भरायला हवा ना कुठेतरी.”

“मग माझंच झाड दिसलं तुला?”

“जवळ होतं,” लॅमार म्हणाला. “उन्हात लांब कोण जाणार?”

“आणि तुझ्या गमवर पट्टा आला कुठून? उडत?”

वर्लनचे कान लाल झाले होते, आणि हळूहळू सगळे त्या कानांकडे बघू लागले.

मिस वीडांनी पिशवीतून भाडेपट्टा काढला, चष्मा लावला आणि वाचलं, “कलम नऊ. सभासद कोणत्याही झाडास खिळा, करवत अथवा रंग लावणार नाहीत. वर्लन, हे अक्षर ओळखतोस?”

“माझंच आहे, मिस वीडा.”

“सुरेख आहे. ‘अथवा’ मला फार आवडला. हे कलम मोडलं तर भाडेपट्टा रद्द, असं कलम दहामध्ये तूच लिहिलंयस.”

“मला माफ करा, मिस वीडा.”

“ते करीन. आधी सांग, का झाकलंस?”

वर्लनने तोंड उघडलं. ध्रुवाकडची सगळी जहाजं त्याच्या घशात येऊन अडकली.

“तिथे... बसायला बरं वाटतं,” तो म्हणाला.

मिस वीडांनी त्याच्याकडे चष्म्यावरून पाहिलं, मग कागद घडी करून पिशवीत टाकला. “भाडेपट्टा ह्या वर्षी राहू दे. पण झाड एक जाणार. गिरणीला दोनशे चौदा सांगितलीत मी.”

“गम त्यांना नको,” रेनफ्रो बाई म्हणाली. “ओकच हवा. पांढऱ्यावर वीज पडलीय, वरून पोकळ होत चाललाय, म्हणून मी तो धरला होता. तांबडाही जाडीला तेवढाच आहे. दोघांतला कुठलाही द्या, माझी हरकत नाही.”

“माझा कापा,” वर्लन म्हणाला. आवाज अपेक्षेपेक्षा मोठा निघाला म्हणून तोच दचकला. “चूक माझी. हॉइटच्या झाडाचा काय दोष?”

“शहाण्यासारखं बोललास,” लॅमार म्हणाला. “चला, भूक लागली.”

हॉइट मात्र हलला नाही. तो पांढऱ्या ओकच्या दिशेने बघत होता, मग ओढ्याकडे, मग पुन्हा ओककडे. बोटांवर काहीतरी मोजल्यासारखं करत होता. शेवटी त्याने टोपी डोक्यावर घातली.

“तांबडा कापा.”

“तुझा?” लॅमारने विचारलं. “सतरा वर्षांचा?”

“अध्यक्ष कोण आहे? तांबडा म्हटलं ना! वर्लनच्या झाडाला कोणी हात लावायचा नाही. बस.”

आणि कोणी काही म्हणायच्या आत तो तळाकडे चालू लागला. वर्लनला आभार मानायचे होते, पण हॉइट थांबला नाही. तो रुमालात शिंकरत सर्वांच्या मागे राहिला.

पुढच्या शनिवारी वर्लन हॉइटसाठी पेकन-पाय, म्हणजे अक्रोडासारख्या पेकनचं सारण भरून भाजलेला गोड पदार्थ, घेऊन तळावर आला. स्वतः भाजलेला, बहिणीने कणीक मळून दिली होती. हॉइट नव्या मचाणासाठी झाड बघायला गेला होता. लॅमारने झाकण उघडून वास घेतला.

“हे कशासाठी?”

“त्याने माझ्यासाठी एवढं केलं. मला वाटायचं, त्याच्या लेखी मी म्हणजे...” वर्लनने टोपी काढली. “एवढं मन असेल असं वाटलं नव्हतं.”

लॅमारने खिशातला चाकू काढून पेकन-पायचा एक तुकडा कापून घेतला.

“वर्लन, लेका, तू फार चांगला माणूस आहेस. बस खाली.”

वर्लन बसला.

“तुझ्या ओकची फळं गोड. हरणं आधी तुझ्याखाली येतात. बरोबर? तू पान उलटतोस. हरीण चपापतं. पळत नाही, पाय न वाजवता ओढ्याच्या वाटेला लागतं. ओढ्याच्या वाटेवर कोण बसलेलं असतं?”

वर्लनच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला.

“तुम्हाला ठाऊक होतं?”

“पहिल्या हंगामापासून. कोटाचा एकच खिसा विटेसारखा फुगवून शिडी चढतो माणूस, आम्ही काय आंधळे? हॉइटच्या भिंतीवरच्या शिंगांच्या सात जोड्यांपैकी सहा तुझ्या आहेत. एकदा पुस्तक हातातून पडलं होतं तुझ्या, आठवतं?”

“सुटलं होतं. बर्फातल्या जहाजांचं.”

“त्या दिवशी त्याला दहा टोकांच्या शिंगांचा नर मिळाला. तो अजून म्हणतो, वर्लनने जाड पुस्तकं वाचावीत.” लॅमारने चाकू मांडीला पुसला. “झाड काय, दुसरं मिळतं. तुझ्यासारखा माणूस कुठे मिळणार? पेकन-पाय मस्त झालाय हां.”

नोव्हेंबरातल्या तिसऱ्या शनिवारी हंगाम सुरू झाला. हॉइटचं नवं मचाण हिकरीच्या झाडावर होतं, तांबड्या ओकच्या खुंटापासून तीस पावलांवर, त्याच वाटेवर. वर्लन उजाडायच्या आधी शिडी चढला. बंदूक कडेला टांगली. उजेड अक्षरांपुरता झाल्यावर त्याने पुस्तक उघडलं. एका जहाजाची पहिलीच मोहीम होती आणि शहाऐंशीव्या पानावर ते बर्फात शिरलं होतं.

सत्त्याऐंशीव्या पानाच्या तळाशी तो पोहोचला तेव्हा खाली पाला वाजला.

शिंगं आधी दिसली. मग मान, मग पाठ. राखी रंगाचा, जड, म्हातारा नर. वर्लनने अकरा वर्षांत एवढा मोठा पाहिला नव्हता. खाली बघायची त्याला कधी फारशी सवडच नसे. हरणाने डोकं खाली घातलं आणि फळं चघळायला सुरुवात केली. कवची फुटल्याचा आवाज स्पष्ट वर येत होता.

पानाचा कोपरा वर्लनच्या बोटात अर्धवट उचललेला होता.

त्याने तो तसाच धरला. दहा मिनिटं गेली. वीस गेली. बोटाला मुंग्या आल्या, मग बोट आहे की नाही ते कळेना. नाक गळू लागलं, ते त्याने गळू दिलं. एकदा हरणाने डोकं वर करून सरळ त्याच्याकडे पाहिलं. वर्लनने चष्म्यातून त्याच्याकडे पाहिलं. ग्रंथालयात एखादं मूल निमूट वाचत बसलेलं दिसलं की तो असाच बघत असे.

पाऊण तासाने हरणाचं पोट भरलं. ते वळलं आणि डोंगराच्या बाजूने, मिस वीडांच्या कुरणाच्या कुंपणाकडे, सावकाश निघून गेलं.

जेवणाच्या वेळी तिघंही तळावर जमले. सकाळभर कुठूनही बंदुकीचा आवाज आला नव्हता. लॅमारने पावासारख्या मऊ बिस्किटांवर रस्सा ओतला. हॉइट खात नव्हता. काटा ताटात फिरवत होता. दोनदा बोलायला लागला, दोनदा थांबला.

“काय रे वर्लन,” शेवटी तो म्हणाला, छताकडे बघत, “आज... वाचायला काही आणलं नव्हतंस का?”

लॅमारचं चघळणं थांबलं.

“आणलं होतं,” वर्लन म्हणाला.

“मग?”

वर्लनने बिस्किट दोन भागांत मोडलं, रश्श्यात बुडवलं आणि निथळू दिलं.

“जहाज बर्फात अडकलंय, हॉइट,” तो म्हणाला. “फेब्रुवारीपर्यंत तरी हलेल असं वाटत नाही.”