ऑगस्टमध्ये मोजलेली खाडी

मित्रांनो, मी एक जुना, वीतभर लांबीचा क्षारतामापक आहे. पाण्यात मीठ किती, ते मी सांगतो. माझ्या काचेवर थेंबभर पाणी टाकायचे, झाकण मिटायचे आणि उजेडाकडे धरून मला डोळा लावायचा. खारट पाण्यात प्रकाश जास्त वाकतो. आत निळा आणि पांढरा रंग जिथे भेटतात, तो आकडा म्हणजे हजार भागांतले मीठ. मी आजवर एकही खोटा आकडा दाखवलेला नाही. तरीही माझ्या हातून एक अपराध घडला आहे.

वर्तकनगरच्या एका सर्वेक्षण कचेरीत मी वीस वर्षे राबलो. शेवटी मी नीरजाच्या हाती आलो. ती रसायनशास्त्र शिकून नुकतीच नोकरीला लागली होती. रोज सकाळी शुद्ध पाण्याचा थेंब घालून ती माझा शून्य तपासायची, मऊ फडक्याने मला पुसायची. मला त्याचा गर्व होता.

मग डोंबिवलीजवळ खाडीकाठाने रस्ता काढायचे ठरले. रस्ता शहराचा, पण काठाला केंद्राचा किनारा नियम लागू होतो का, ते आधी पाहावे लागते. नियमाने खूण दिली आहे: वर्षाच्या सर्वांत कोरड्या काळात पाणी मोजा. हजारी पाच किंवा जास्त मीठ भरले, तर खाडीत तिथवर नियम लागू. मग परवानगीशिवाय तिथे भराव टाकता येत नाही.

आम्ही गेलो ऑगस्टमध्ये. काठावरच्या तिवरांच्या, म्हणजे खारफुटीच्या, मुळांत आवडाबाई खेकडे धरत होती. नीरजाने थेंब टाकला. मी दाखवले, दोन.

"काय बघतंस गो त्या नळीन?" आवडाबाईने विचारले.

"पाणी किती खारट आहे ते, मावशी."

आवडाबाई खो खो हसली. "पावसान खाडी गोडीच आसते! वैशाखान ये, न जिभेला लाव. नळी कशाला पायजे?"

कचेरीत नीरजा आपल्या साहेबांपुढे, प्रभाकरांपुढे उभी राहिली. "सर, मे महिन्यात परत मोजूया. नियमात कोरडा काळ लिहिलाय."

"अगं, अहवाल गुरुवारी द्यायचाय. मेपर्यंत कोण थांबणार? आकडा खरा आहे ना?"

"खरा आहे, पण..."

"मग टाक की. आता त्यात पीएचडी करू नकोस."

अहवालाच्या तक्त्यावर आधीच छापलेले होते, 'कोरड्या काळातील क्षारता'. नीरजाचा हात थोडा थांबला. मग तिने त्याखाली दोन लिहिले. मी तिच्या टेबलावरच होतो. माझा खरा आकडा माझ्यासमोर खोटा झाला आणि मला तोंड नव्हते.

दोन म्हणजे पाचाच्या आत, म्हणून काठाला नियम लागू नाही असे ठरले. डिसेंबरपासून भरावाच्या मातीचे डंपर येऊ लागले. नीरजाने मला खणात ठेवून दिले. माझा शून्य कुणी तपासेना. काचेवर बुरशी धरू लागली.

मे महिन्यात तिने रजा काढली, मला पुसले आणि आम्ही पुन्हा त्याच काठावर गेलो. अर्धी तिवरे मातीखाली गेली होती. उरलेल्यांपाशी आवडाबाई रिकामी टोपली घेऊन बसली होती. नीरजाने थेंब टाकला. बारा.

"मावशी, तुम्ही सांगितलं होतंत. चूक माझी आहे."

आवडाबाईने मला हातात घेतले, उलटसुलट पाहिले. "याला काय बोलू? याला जवा विचारलंस, तवाचाच आकडा त्याने सांगितला." मग भरावाकडे हात केला. "आता ह्यो बारा त्यांना दाखव."

नीरजाने दोन्ही आकडे तारखांसह लिहून, आपली चूक सहीनिशी कबूल करून, परवानगी देणाऱ्या कार्यालयात दिले. तिची नोकरी गेली. फेरतपासणी होईपर्यंत पुढचे काम थांबले. उरलेली तिवरे अजून उभी आहेत. गाडलेली परत आलेली नाहीत, आणि माझ्या मनातून ती जात नाहीत.

आज मी नीरजा शिकवते त्या शाळेच्या प्रयोगशाळेत आहे. मित्रांनो, मला हाताळाल तेव्हा काच जपा, शून्य तपासा. आणि आकडा लिहिण्याआधी त्याच्याशेजारी तारीख लिहा. मला ती दिसत नाही. ती तुम्हालाच लिहावी लागेल.