मधला दिवस

वाळवंटात एक रात्र राहायचं की दोन, एवढंच त्या ट्रॅव्हल एजन्सीतल्या बाईनं विचारलं होतं. प्रश्न सोपा होता. रायस्वाइकच्या मॉलमधलं ते काचेचं दुकान, बाहेर पावसाची पिरपिर, आत भिंतीभर निळे समुद्र चिकटवलेले, आणि मंजूषा आपलं सात वर्षांत कसंबसं उभं राहिलेलं डच सांभाळत खुर्चीच्या टोकावर बसलेली.

"बहुतेक लोक एकच रात्र घेतात," बाई म्हणाली. "संध्याकाळी उंटावरून तंबूंपर्यंत जायचं, जेवण, मग ते लोक ढोल वाजवतात. सकाळी सूर्योदय बघून परत. दोन रात्री घेतल्यात तर मधे एक अख्खा दिवस येतो."

"त्या दिवशी काय असतं?"

बाईनं खांदे उडवले. "निक्स."

निक्स म्हणजे काही नाही. मंजूषाला त्या 'काही नाही'वर झडप घालावीशी वाटली. इंटरनेट नाही, मोबाइलला रेंज नाही, श्रीधरचं ऑफिस नाही, टीव्ही नाही, भांडी नाहीत. वाळू आणि दोन माणसं. तिला असा एक दिवस नवऱ्याबरोबर हवा होता. सोन्याचा नको, चांदीचा नको, नुसता रिकामा. त्या दिवसात कळलं असतं की आपण दोघं अजून एकमेकांचे कोणी आहोत, की एकाच पत्त्यावर टपाल येणारे दोन भाडेकरू.

"पुढच्या शनिवारपर्यंत सांगा," बाई म्हणाली. "डिसेंबरात गर्दी होते."

आता हे भाडेकरूंचं प्रकरण नीट सांगायला हवं, कारण या दोघांचं भांडण वगैरे काही नव्हतं. भांडायला निदान समोरासमोर यावं लागतं.

मंजूषा लग्न होऊन पुण्याला सासरी आली तेव्हा घरात सासूसासरे, आतेसासू, धाकटा दीर. नव्या सुनेनं नवऱ्याशी सगळ्यांदेखत बोलायचं नाही असा काही नियम नव्हता, पण बोललं की आतेसासू चष्मा पुसायच्या. तेवढं पुरेसं होतं. मग निरोप सासूबाईंमार्फत जायचे. पुढे सलोनी झाली आणि दोघांनाही हक्काचा पोस्टमन मिळाला. बाळाला दोन दात आले नव्हते तेव्हापासून, 'सांग गं बाबांना, पोळ्या झाल्या,' आणि पलीकडून, 'विचार आईला, माझी निळी फाइल कुठाय.' बाळ बिचारं बोळकं पसरून दोघांकडे बघून हसायचं, आणि पोळ्याही खाल्ल्या जायच्या, फाइलही सापडायची.

श्रीधर नोकरीनिमित्त हॉलंडला आला तेव्हा सासरे, आतेसासू, चष्मे सगळं मागे राहिलं. सवय तेवढी सामानात आली. बारा वर्षांची सलोनी या खोलीतून त्या खोलीत निरोप नेत मोठी झाली. आणि या सप्टेंबरात ती ग्रोनिंगनला शिकायला गेली.

पहिल्या आठवड्यात श्रीधर जेवताना समोरच्या भिंतीला म्हणाला, "आज आमटीत मीठ कमी झालंय वाटतं." मंजूषानं मिठाची बरणी भिंतीच्या दिशेनं सरकवली. दुसऱ्या आठवड्यात संध्याकाळी खाली फोन वाजला. ग्रोनिंगनहून सलोनी.

"आई, बाबा विचारतायत चहा टाकतेस का."

"अगं, बाबा वरच्या खोलीत बसलेत."

"आय नो. त्यांनी मला फोन केला. आई, हे खरंच नॉर्मल नाहीये."

मंजूषा तेव्हा पोट धरधरून हसली. तीनशे कोसांचा नाही तरी देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचा प्रवास करून चहाचा निरोप जिन्याखाली पोचला होता. तिनं चहा टाकला, आलं ठेचून घातलं, कप वर नेऊन दिला. तो म्हणाला, "अरे वा." कोणाला म्हणाला देव जाणे. खाली आल्यावर मात्र तिचं हसू गेलं. ओट्याला टेकून ती बराच वेळ उभी राहिली. असंच किती वर्षं? तो त्रेपन्नचा झाल्यावर? साठीचा? पोरगी आपल्या संसाराला लागल्यावर कोणामार्फत विचारणार, तुझं काही दुखतंय का म्हणून?

वाळवंटाची टूम तिनं त्यानंतर काढली. मैत्रीण सरला नि तिचा नवरा विश्वास गेल्या वर्षी मोरोक्कोला जाऊन आले होते, त्यांच्याकडे फोटोंचे ढीग होते.

"एकच रात्र कर हं बाई," सरला फोनवर म्हणाली. "आम्ही शहाणपणा केला नि दोन घेतल्या. दुसऱ्या दिवशी करणार काय? वाळूत भजी तळणार? शेवटी मी नि विश्वास भांडलो."

"कशावरून?"

"त्याच्या बहिणीच्या लग्नातल्या मानपानावरून. एकोणीस वर्षांपूर्वीच्या! अगं सगळं काढलं, एकूण एक. संध्याकाळी तो रडला, मग मी रडले. तो उंटवाला घाबरला, त्याला वाटलं आम्हाला विंचू चावला."

मंजूषानं फोन ठेवला तेव्हा तिच्या मनात सरलाविषयी चक्क असूया होती.

रविवारी पाऊस उघडला म्हणून दोघं कालव्याकाठी फिरायला गेली. मंजूषानं ठरवलं होतं, आज मधे कोणी नाही, सरळ विचारायचं.

"अहो, मी दोन रात्री म्हणतेय."

"कसल्या?"

"वाळवंटातल्या. म्हणजे मधला एक दिवस रिकामा मिळेल. मला तो हवाय."

श्रीधरनं समोरून येणाऱ्या सायकलला वाट दिली. मग तिच्याही मागून येणाऱ्या सायकलला वाट दिली. "रिकाम्या दिवसात करायचं काय?"

"बसायचं."

"बसायला एवढं लांब? घरात सोफा आहे की."

"सोफ्यासमोर टीव्ही आहे."

"तो बंद करू."

"तुम्ही?" ती म्हणाली, आणि तोही हसला. क्षणभर तिला वाटलं, जमतंय. तिनं पुढे रेटलं. "बसायचं नि बोलायचं. तुम्ही नि मी."

हसू तोंडावर तसंच ठेवून तो पाण्यातल्या बदकांकडे बघू लागला. "आमची आत्या म्हणायची, पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई. त्या लोकांना कशाला त्रास?"

"ते पैसे घेतात आपल्याकडून. आपण त्यांचे पाहुणे नाही."

"तरी." बदकं पुलाखाली गेली. त्याला बघायला काही उरलं नाही. "बघू," तो म्हणाला. "थंडी वाढली, नाही?"

श्रीधरकडे अशा म्हणींचा मोठा साठा होता. संभाषण अंगावर यायला लागलं की तो एक काढून मधे आडवी घालायचा, दाराला अडसर घालावा तशी. वाईट माणूस नव्हता. मंजूषाला मलेरिया झाला होता तेव्हा रात्ररात्र उशाशी बसला होता, कपाळावरच्या पट्ट्या बदलत. पण पट्ट्या बदलताना बोलावं लागत नाही.

तीन-चार दिवस विषय निघाला नाही. मंजूषानं मनातल्या मनात तो दिवस मांडून बघितला. सकाळी तंबूबाहेर सतरंजी टाकायची. पहिला तास अवघड जाईल. दुसऱ्या तासाला तो घड्याळ बघेल. मग कधीतरी, ऊन चढल्यावर, म्हणी संपतील. माणसाजवळ म्हणी असून असून किती असणार? आणि त्या संपल्या की खाली जे काय असेल ते दिसेल. कदाचित काहीच नसेल. तेही चालेल, तिनं स्वतःला सांगितलं, पण ते खरं नव्हतं.

गुरुवारी श्रीधर ऑफिसातून आला तो बूटही न काढता स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. केस वाऱ्यानं उभे, गाल लाल.

"दोन काय, तीन रात्री राहू!" तो म्हणाला. भिंतीला नाही. तिला.

"काय?"

"तीन! एवढं जायचं नि पळत यायचं, काय अर्थ आहे? तू म्हणतेस ते बरोबर आहे." आणि शीळ घालत तो वर गेला. सात वर्षांत या घरानं त्याची शीळ ऐकली नव्हती.

मंजूषानं हातातली कोथिंबीर तशीच ठेवली. तीन रात्री म्हणजे मधले दोन दिवस. तिला काय करावं सुचेना तेव्हा तिनं तेच केलं जे तिच्या आईनं केलं असतं. तुपावर रवा भाजायला घेतला. रव्याचा वास घरभर सुटला, आणि शेहेचाळीस वर्षांची ती बाई डावानं ठेका धरून गुणगुणायला लागली. वर जाऊन त्याला सांगावंसं वाटलं, की मी घाबरले होते, मला वाटलं होतं तुम्ही कधीच. पण वाक्य पुरं करायला तिथे दोन दिवस होते, घाई काय?

फोन वाजला. सलोनी.

"आई, मी सांगून टाकते, मी येतेय. ओके? बाबांनी कन्व्हिन्स केलं."

"कुठं येतेयस?"

"मोरोक्कोला. बाबा बोलले नाहीत? ही सेड, तू आलीस तर तीन रात्री राहू." तिचा आवाज उत्साही होता, पण ओढून आणलेला. "मला ख्रिसमसला मार्टाइनच्या घरी जायचं होतं, त्याच्या आईनं बोलावलंय, बट इट्स फाइन. मी नंतर जाईन."

मंजूषा रवा हलवत राहिली. हात थांबवला तर रवा जळतो.

"आई? आर यू देअर?"

"बाबा अजून काय म्हणाले?"

सलोनी हळू, चक्क नुसत्या मराठीत बोलली, लहानपणी बोलायची तसं. "ते म्हणाले, ये ना गं. आईशी अख्खा दिवस काय बोलू मी, मला सुचत नाही. तीनदा फोन केला त्यांनी. आई, ते घाबरलेत. का ते मला कळत नाही, पण घाबरलेत."

मंजूषाला राग यायला हवा होता. तिनं त्याची वाटही पाहिली. त्याऐवजी तिच्या डोळ्यापुढे आला तो ऑफिसच्या जिन्यात उभा राहून फोन लावणारा, केस विरळ झालेला माणूस, बायकोबरोबरच्या एका दिवसापासून वाचवा म्हणून पोरीला विनवणारा. इतक्या घाबरलेल्या माणसाला वाळवंटात नेऊन सतरंजीवर बसवायचं म्हणजे काय, परीक्षा घ्यायची? आणि निकाल तर लागलाच होता.

"तू नको येऊस," ती म्हणाली.

"पण बाबा..."

"बाबांचं मी बघते. तू त्या मार्टाइनकडे जा. त्याच्या आईला काहीतरी घेऊन जा, हात हलवत जाऊ नकोस."

"आई, आर यू शुअर? मी आले तर तुम्ही दोघं..."

"शुअर."

पलीकडून श्वास सुटल्याचा आवाज आला. पोरीला लपवता आला नाही. मंजूषानं फोन ठेवला, रव्यात पाणी घातलं. पाणी उसळून हातावर उडालं.

ताटं घेतली. श्रीधरनं शिऱ्याकडे बघून भुवया उंचावल्या. "आज काय विशेष?"

"सलोनीचा फोन होता. ती येत नाहीये."

त्याचा घास अर्ध्यावर थांबला. "का?"

"तिचं दुसरीकडे ठरलंय. मीच म्हटलं जा."

"अच्छा." त्यानं घास खाली ठेवला, पाणी प्यायला, पेला ठेवला, परत उचलला. रिकामा होता. "हो, तिचंही बरोबर आहे. तरुण मुलं." मग बराच वेळ तो चमच्यानं शिऱ्याच्या मुदीची एक बाजू सपाट करत बसला. "मग तीन रात्री म्हणजे... जरा जास्तच होतील, नाही?"

"होतील."

"दोनसुद्धा..."

त्यानं वाक्य सोडून दिलं. मंजूषानंही ते उचललं नाही. याला अजून सावकाश विचार करू दे, तिला वाटलं. दोन म्हणाला तर मी सगळं विसरेन. फोन झालाच नाही म्हणेन. ती आमटीच्या वाटीवरची फोडणी बघत राहिली. वर आलेलं तेल हळूहळू कडेला सरकत होतं.

"एकच करू या का?" श्रीधर म्हणाला. आणि मान वर करून, थेट तिच्या डोळ्यांत बघून, "तुला काय वाटतं?"

एकवीस वर्षांत त्यानं असं तिच्याकडे बघून, मधे कोणाला न घालता, किती वेळा विचारलं होतं? त्याच्या नजरेत इतकं आर्जव होतं की तिला त्याच्या खांद्यावर थोपटावंसं वाटलं.

"एक पुरे," ती म्हणाली.

त्याचे खांदे खाली आले. ते तिला दिसलं. शर्टाची शिवण दोन बोटं उतरली. त्यानं शिरा खाल्ला, पुन्हा मागून घेतला, आणि मग तो बोलायला लागला. उंटाला पापण्यांचे तीन पदर असतात म्हणे. वाळू डोळ्यांत जाऊ नये म्हणून. आणि वाळवंटात रात्री हाडं गोठवणारी थंडी, तेव्हा तिनं लोकरी मोजे घ्यावेत, तिचे पाय गार पडतात. आणि उंट बसताना आधी पुढून वाकतो, तेव्हा मागे रेलायचं असतं, तिची कंबर अशी, तर तिनं त्या माणसाचा हात धरावा, लाजू नये. त्यानं हे सगळं वाचून ठेवलं होतं. कधी, कोण जाणे.

"मागे रेलायचं," मंजूषा म्हणाली.

"हां. पूर्ण मागे. घाबरायचं नाही." त्यानं स्वतःच खुर्चीत मागे रेलून दाखवलं, दोन्ही हातांनी नसलेला लगाम धरून. गेल्या कित्येक महिन्यांत तो इतका बोलला नव्हता. ती ऐकत राहिली. मधे मधे हं म्हणाली. मग उठून ताटं गोळा करायला लागली, आणि पाण्याचा नळ सोडल्यावरही मागून त्याचा आवाज येतच राहिला, पण तो काय म्हणतोय ते आता ऐकू येत नव्हतं.