डावीकडचा मॉनिटर

"एका मॉनिटरवर गाडी चालवल्यासारखं वाटतच नाही, यशे," प्रमोद म्हणाला. "समोरचं तेवढं दिसतं. बाजूने कोण घुसतंय ते कळायच्या आत ठोकलं जातं. तीन पाहिजेत. मधे एक, आणि खिडक्यांसारखे दोन्ही बाजूंना दोन."

२००९ सालची दिवाळी होऊन आठ-दहा दिवस झाले होते. अंबरनाथच्या बुवापाड्यातल्या घरात रविवारची जेवणं आटपली होती. यशोधराची वहिनी मालिनी ताटं उचलत म्हणाली, "दिवसभर बस चालवायची आणि घरी येऊन परत गाडीच चालवायची. ताई, तुमच्या भावाला दुसरं काही सुचतच नाही."

ते खरंच होतं. प्रमोद बदलापूर-अंबरनाथची माणसं केमिकल कंपनीत नेणारी ठेकेदाराची बस चालवायचा. दारू नाही, तंबाखू नाही. गाड्यांच्या शर्यतीचा गेम हा एकच नाद. त्यासाठी त्याने टेबलाला स्टीअरिंग बसवून घेतलं होतं आणि खाली ब्रेक-अॅक्सिलरेटरचे पेडलही. पण गेल्या वर्षभरात तो हरायला लागला होता. बाजूच्या गाड्या त्याला धडकायच्या आणि तो स्टीअरिंगवर हात आपटायचा.

यशोधरा त्याच्याहून चार वर्षांनी लहान. उल्हासनगरात कॅम्प तीनमधल्या एका सिंधी शेठच्या दुकानात ती कॉम्प्युटर जोडायची. गिऱ्हाईक काही बारकाईचं विचारायला लागलं की शेठ हात वर करायचा, "मॅडम से पूछो साईं, अपुन को खाली बेचना आता है." वडील, भीमराव, गेले तेव्हा ती बारावीत होती. प्रमोदने कॉलेज सोडून हातात स्टीअरिंग घेतलं म्हणून तिचा डिप्लोमा पुरा झाला. त्याने ते कधी बोलून दाखवलं नव्हतं, आणि तिच्याकडे कधी काही मागितलंही नव्हतं. हे पहिलंच मागणं. ती म्हणाली, "करते दादा. पण नीट करायचं तर वेळ लागेल."

मॉनिटर लगेच मिळाले. ठाण्यातलं एक कॉल सेंटर बंद झालं होतं, त्यांचे सतरा इंची एलसीडी शेठकडे ढिगाने आले होते. त्यातले एकाच रंगाचे, एकाच उजेडाचे तीन तिने वेचून बाजूला ठेवले. खरा प्रश्न ग्राफिक्स कार्डाचा होता. तोवरच्या कार्डांना दोनच मॉनिटर चालायचे. दोन कार्डं घालून चार मॉनिटर लावता येत, पण गेम त्यातल्या एकावरच दिसायचा, बाकीचे नुसते शोभेला. दुसरी वाट म्हणजे बाहेरून लावायची एक डबी. ती एका लांबलचक चित्राचे तीन तुकडे करून तिन्हीकडे पाठवायची. ती परदेशातून मागवावी लागे, आणि एवढं रुंद चित्र ओढायला आत दमदार कार्ड लागे ते लागेच. त्याच सुमारास एक नवं कार्ड बाजारात आलं होतं, जे एकटंच तीन मॉनिटर चालवायचं. यशोधराने आठवडाभर इंटरनेटवर लोकांचे अनुभव वाचले, कागदावर तिन्ही वाटा मांडल्या आणि नव्या कार्डावर बोट ठेवलं. प्रमोदचा जुना पॉवर सप्लाय त्याला झेपणार नव्हता, म्हणून तोही बदलला.

जोडणी झाली. दोन मॉनिटर लागले, तिसरा काळाच. शोधता शोधता तिला कळलं की तिसरा मॉनिटर कार्डावरच्या नव्या पद्धतीच्या खाचेतूनच चालतो, आणि त्या खाचेला साधा कन्व्हर्टर लागत नाही. स्वतः वीज घेऊन सिग्नल बदलणारा वेगळा कन्व्हर्टर लागतो. तो उल्हासनगरात कुणी बघितलाही नव्हता. मुंबईला लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात तीन चकरा मारल्यावर डिसेंबरात तो हाती लागला.

तो लावला आणि तिन्ही मॉनिटरवर एकच रस्ता उलगडला. मालिनी पदराला हात पुसत येऊन उभी राहिली. आई, भागीरथीबाई, म्हणाली, "अगं, घरातच रस्ता आणलास की!" प्रमोदने लहान मुलासारखे हात चोळले.

पण पुढच्या रविवारी यशोधरा गेली तेव्हा त्याचं तोंड उतरलेलं होतं.

"तुझं कार्ड मागे पडतंय," तो म्हणाला. "बाजूच्या गाड्या उशिरा दाखवतं. काही नसतं, आणि एकदम समोर गाडी उभी. डावीकडून तर जास्तच."

तिने केबल बदलली. कार्डाचं सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं. चित्र हलकं केलं, म्हणजे कार्डावर भार नको. प्रमोद खेळला. पहिल्याच वळणावर डावीकडून पिवळी गाडी आली आणि त्याला घासून गेली.

"बघ! आली कुठून ही?"

यशोधराने ती गाडी बघितली होती. डावीकडच्या मॉनिटरच्या कडेला ती उगवली, हळूहळू मोठी होत सगळा मॉनिटर पार करून मधल्यावर आली. चांगले तीन-चार सेकंद. तिने डावा मॉनिटर उजवीकडे लावला आणि उजवा डावीकडे. तक्रार तीच. मग ती स्वतः खेळायला बसली. गाडी चालवणं तिला जमत नव्हतं, पण येणारी प्रत्येक गाडी तिला दुरून दिसत होती. मशीनमध्ये काही दोष नव्हता.

दुकानात एक सवय तिच्या अंगवळणी पडली होती. दोष सापडत नसेल तर एकेक भाग बंद करत जायचं आणि काय बदलतं ते बघायचं.

"दादा, तू खेळत राहा," ती म्हणाली. "मी मागे बघते काहीतरी."

ती टेबलाच्या डाव्या अंगाला गेली आणि डावीकडच्या मॉनिटरचं बटण दाबलं. मॉनिटर काळा झाला. प्रमोद समोर बघत गाडी हाकत राहिला. एक वळण गेलं, दुसरं गेलं. त्या फेरीत डावीकडून कुणी धडकलं नाही.

"हां," तो खुशीत म्हणाला. "आता बरोबर चाललंय. काय केलंस?"

यशोधरा त्याच्या मागे जाऊन उभी राहिली. तिने हात पुढे करून त्याच्या डाव्या कानापासून वीतभर अंतरावर बोटं हलवली. तो खेळतच होता. बोटं हळूहळू पुढे आणली, पार भुवईच्या रेषेत आल्यावर तो दचकला. "काय करतेस? डोळ्यात बोट घालशील!"

"दादा, डावा मॉनिटर बंद आहे."

त्याने मान वळवली. काळा मॉनिटर बघितला. "आत्ता बंद केलास."

"दोन वळणं झाली त्याला."

तिने बोटांचं पुन्हा करून दाखवलं, उजवीकडूनही. उजवीकडे थोडं बरं होतं, एवढंच. प्रमोद आधी हसला, मग चिडला. "मार्चमध्ये लायसन्सला डोळे तपासलेत माझे. तक्त्यावरची शेवटची ओळ घडाघडा वाचली मी. डॉक्टरच म्हणाला, पोरासारखी नजर आहे."

"तक्ता समोर असतो, दादा. समोरचं तुला दिसतंय. बाजूचं दिसत नाहीये. उद्या सुट्टी टाक, कल्याणला डोळ्यांच्या दवाखान्यात जाऊ."

"आणि सुट्टी कशाला म्हणून सांगू?" त्याने दार लोटून घेतलं आणि आवाज खाली आणला. "ठेकेदाराला नुसता वास लागला तरी दुसऱ्या दिवशी दुसरा ड्रायव्हर बसवेल. बारा वर्षांत माझ्या बसला एक ओरखडा नाही, यशे. आरशात बघून चालवतो मी. हे तुझं गेमचं खूळ आहे. कुणाला बोलू नकोस. मालिनीला नाही, आईला नाही."

"चाळीस माणसं असतात बसमध्ये."

"मला माहीत नाहीत? नावानिशी माहीत आहेत."

सोमवारी तो कामावर गेला. मंगळवारीही गेला. यशोधराने दुकानात एका मशीनला रॅम उलटी लावायला घेतली, तेव्हा शेठने तिच्याकडे चष्म्यावरून बघितलं. "तबीयत ठीक नहीं तो घर जा बेटा." तिने संध्याकाळी प्रमोदला फोन केला, त्याने उचलला नाही. बुधवारी सकाळी ती मुद्दाम शिवमंदिराच्या रस्त्याला जाऊन उभी राहिली. बस आली. प्रमोद सरळ बसून, दोन्ही हात स्टीअरिंगवर ठेवून समोर बघत होता. डाव्या अंगाने एक बाई मुलीचा हात धरून बसच्या अगदी लगत चालली होती. काही झालं नाही. बस निघून गेली. बाईला कळलंही नाही.

यशोधरा तिथेच एका हाराच्या दुकानाच्या आडोशाला गेली आणि तिने ठेकेदाराच्या सुपरवायझरला, गुरुदत्त राण्यांना फोन लावला. नंबर वहिनीच्या वहीत होता.

राण्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तुम्ही सख्खी बहीण ना त्याची? मग हे मला का सांगताय?"

"तो सांगणार नाही म्हणून," ती म्हणाली. "त्याला दुसरं काम द्या साहेब. काढू नका."

"काम देणं माझ्या हातात नसतं हो," राणे म्हणाले. ते वाईट माणूस नव्हते, त्यांच्या आवाजात संकोच होता. "बस मात्र आज दुपारपासून थांबवतो."

राण्यांनी डोळ्यांचा दाखला मागितला, तेव्हा प्रमोदला कल्याणच्या दवाखान्यात यावंच लागलं. तिथे त्याला एका पांढऱ्या वाडग्यासारख्या यंत्रात हनुवटी टेकवून बसवलं. मधल्या ठिपक्याकडे बघायचं आणि कुठेही उजेड दिसला की बटण दाबायचं. तो नेटाने बसला होता. बटणाचा आवाज मधूनमधूनच येत होता. डॉक्टरीणबाईंनी निघालेला कागद दाखवला, त्यावर मधे थोडा पांढरा भाग होता आणि भोवती सगळं काळं.

"काचबिंदू," त्या म्हणाल्या. "दुखत नाही, लाल होत नाही. कडेकडेने नजर खात येतो, म्हणून माणसाला कळत नाही. गेलेलं परत येणार नाही. राहिलंय ते औषधाने टिकवायचं. घरात कुणाला होता?"

भागीरथीबाई बाकावरून म्हणाल्या, "त्याचे वडील शेवटी शेवटी चौकटीला धडकायचे. आम्ही म्हणायचो, वय झालं."

"गाडी?" प्रमोदने विचारलं.

डॉक्टरीणबाईंनी नकारार्थी मान हलवली.

ठेकेदाराने त्याला दुसरं काम दिलं नाही. मालिनी उल्हासनगरला शिलाईच्या कारखान्यात जायला लागली. प्रमोद घरी बसला. राण्यांना फोन कुणी केला ते कळल्यावर त्याने यशोधराशी बोलणं टाकलं. भांडण नाही, शिवी नाही. ती आली की तो मान फिरवायचा. एकदा तिने आईपाशी तोंड उघडलं, "मी चुकले का गं?"

आई तांदूळ निवडत होती. "चुकली नाहीस," ती म्हणाली. "पण त्याला नोकरी गेल्याचं दिसतं. अपघात झाला नाही, तो कसा दिसणार? तू आता वाट बघू नकोस त्याच्या बोलण्याची. येत जा फक्त."

ती येत राहिली. औषधाचे थेंब सकाळ-संध्याकाळ घालावे लागत. प्रमोदला ते स्वतःचे स्वतःला जमायचे नाहीत, गालावर सांडायचे. वहिनी कारखान्यात असली की यशोधरा घालायची. तो खुर्चीवर मान मागे टाकून बसायचा, थेंब पडले की डोळे मिटायचा, आणि ती जाईपर्यंत उघडायचा नाही.

मे महिन्यात पुन्हा तपासणी होती. कागदावरचा काळा भाग वाढला नव्हता. "हे चांगलं आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. प्रमोदने कागद घडी घालून खिशात ठेवला. अंबरनाथला परतल्यावर दोघं बाजारातून चालत निघाली. ती त्याच्या डावीकडून चालत होती, पण एका भाजीच्या गाडीपाशी गर्दीने तिला मागे रेटलं. तेवढ्यात टोपलीवाला एक म्हातारा डावीकडून आडवा आला आणि प्रमोद त्याच्यावर जाऊन आदळला. टोपलीतले कांदे रस्ताभर झाले.

"डोळे फुटले का रे?" म्हातारा कडाडला. "दिसत नाही?"

यशोधरा पुढे धावली. पण तिच्या आधी प्रमोद बोलला.

"नाही दिसत, बाबा," तो म्हणाला.

म्हाताऱ्याने टोपली सरळ करून खाली ठेवली. प्रमोद खाली बसला आणि हाताने चाचपत कांदे गोळा करायला लागला. यशोधराही बसली. दोघांनी टोपली भरून दिली. मग तो उठला, पँटवरची धूळ झटकली आणि तिच्याकडे न बघता घराच्या दिशेने चालू लागला. ती पुन्हा त्याच्या डाव्या अंगाला गेली.