मुद्दाम चुकायचा खेळ

“चेहरा पाड! अरे, चेहरा पाड म्हणतोय मी, दात काय काढतोस!”

“मला नाही जमत तुमची नाटकं. पत्ता सापडला ना? बस, खतम.”

“खतम कसं? पत्ता तर मांजरसुद्धा शोधेल.” विजयकाकांनी अंबरीशच्या हातातली गड्डी हिसकावून घेतली. “लोक पत्ता बघायला येत नाहीत रे. तुझी फजिती बघायला येतात. आधी ती द्यायची त्यांना, पोटभर. मग पत्ता काढायचा.”

अंबरीशनं टीपॉयला लाथ घातली. कप लवंडला. स्वयंपाकघरातून मंजूषाकाकू ओरडली, “फोडा, फोडा घर! एकानं शाळा सोडलीय, दुसऱ्यानं अक्कल!”

खेळ अगदी साधा होता. समोरच्यानं पत्ता ओढायचा, बघायचा, गड्डीवर परत ठेवायचा. गड्डीच्या तळाचा पत्ता आपण आधीच चोरून बघितलेला असतो. एकदा कापलं की तो येऊन बसतो समोरच्याच्या पत्त्यावर. मग काय, शेजारी शोधला की झालं. हाताचं काम तेवढंच, आणि हात तर अंबरीशचे असे चालायचे की बघणाऱ्यानं पापणी लववू नये. नजरही घारीची. अकरावीत नाव कटलं ते त्या नजरेपायीच. प्रॅक्टिकलच्या मार्कांत सर काय गडबड करतात ते याला दिसलं, आणि यानं ते भर वर्गात उभं राहून सांगितलं. वर सरांची कॉलर धरली. तेव्हापासून सतरा वर्षांचा हा घोडा साकेत नगरच्या त्या दोन खोल्यांत दिवसभर पत्ते पिसत बसलेला.

काका सरकारी ऑफिसात क्लार्क. गणपतीत मंडळाच्या स्टेजवर वीस वर्षं तेच चार खेळ करत आलेले, आणि लोक वीस वर्षं टाळ्या वाजवत आलेले.

“परत ऐक,” काका म्हणाले. “पत्त्याकडे नाही, माणसाच्या डोळ्यांत बघायचं. घाई नाही. आधी विचारायचं, आपण यापूर्वी कधी भेटलोय का? तो नाही म्हणतो, म्हणजे आतून साटंलोटं नाही हे लोकांना पटतं. पत्ता ओढला की सगळ्यांना दाखवायला लावायचा. नाहीतर तो विसरतो, नाहीतर खोटं बोलतो, आणि तू तोंडघशी. मग मुद्दाम चुकीचा पत्ता काढायचा. तो म्हणेल, हा नाही. तुझा चेहरा पडेल, लोक हसतील, आणि बरोबर तेव्हा...”

“भेटलोय का, हे तिला विचारू?”

काकांनी गड्डी टीपॉयवर ठेवली. आत काकूनं नळ बंद केला.

ती म्हणजे वैजयंती. अंबरीशची आई. बाप गेला तेव्हा हा दोन वर्षांचा, आणि पाच वर्षांचा असताना आईचं दुसरं लग्न झालं. बापाच्या भावानं, म्हणजे विजयकाकांनी, पोराला ठेवून घेतलं. तिच्या नव्या नवऱ्याला, चिन्मयला, सगळं माहीत होतं. फक्त त्याची एक अट होती. त्याच्या आईला आणि गोतावळ्याला सांगायचं ते एवढंच, की विधवा आहे, मूलबाळ नाही. बारा वर्षं ते तसंच चाललं होतं. महिन्या-दोन महिन्यांनी ती अंबरीशला बाजारात भेटायची, भजी खायला घालायची, शर्ट घ्यायची आणि घड्याळ बघायची.

आणि परवा तिचा फोन आला होता. “रसिकाचा सातवा वाढदिवस आहे. मुलांना जादूवाला हवाय. तू येशील? निदान माझं घर तरी बघशील.”

घर तरी बघशील! बारा वर्षांत पहिल्यांदा. तेव्हापासून अंबरीशच्या डोक्यात एकच चक्र फिरत होतं. ती सांगणार. एवढे लोक जमवून ती सांगून टाकणार. नाही सांगितलं, तर तो हा प्रश्न विचारणार. तोंडावर विचारल्यावर कुठली आई नाही म्हणेल?

“तिच्याऐवजी दुसरं कुणी उठव,” काका हळूच म्हणाले. “ते वाक्य नको तिथं.”

“तुम्हीच शिकवलंय ना? आता भोगा.” त्यानं स्कूटीची किल्ली उचलली.

अयोध्या नगरातलं घर चकाचक होतं. दारात फुगे, आत सोफ्यावर मंडळी दाटीवाटीनं. भिंतीवर फोटोंची रांग. अंबरीशनं एका नजरेत मोजले, अकरा. लग्न, बारसं, हिल स्टेशन, रसिका परीच्या ड्रेसमध्ये. आई प्रत्येकात हसत होती. तिला एवढे दात आहेत हे त्याला आजच कळलं.

“आलात? या, या. पाणी घ्या हं,” ती म्हणाली. आवाज अगदी कुरियरवाल्याशी बोलावं तसा. चिन्मय एकदा त्याच्याकडे बघून मोबाइलमध्ये शिरला.

पोरं खाली सतरंजीवर बसली. पहिले दोन खेळ झाले. एक टोणगा ओरडला, “बाहीत लपवलाय, बाहीत!” एरवी अंबरीशनं त्याला कानाला धरून उठवला असता. आज त्यानं बाह्या कोपरापर्यंत वर सारल्या आणि म्हणाला, “ये भाई, तूच शोधून दे. सापडला तर केकचा माझा तुकडा तुझा.” सगळे हसले. आयला, हे जमतंय की!

मग तो तिच्याकडे वळला. “मॅडम, जरा पुढे येता?”

“मी? अगं बाई!” ती पदर सावरत आली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

अंबरीशनं पत्त्यांकडे बघितलं नाही. तिच्या डोळ्यांत बघितलं. घाई केली नाही.

“मॅडम, सगळ्यांना सांगा. आपण यापूर्वी कधी भेटलोय?”

पंखा गरगरत होता. सोफ्यावर चिन्मयचा अंगठा मोबाइलवर थांबला.

“नाही हो,” वैजयंती म्हणाली. “आज पहिल्यांदाच बघतेय यांना.”

यांना. ती थेट त्याच्या डोळ्यांत बघून बोलली. अडखळली नाही, घाई केली नाही, हसू पण जागच्या जागी. काका चार महिने घसा फोडून जे शिकवत होते ते हिला कुणी न शिकवता येत होतं.

“छान,” तो म्हणाला. स्वतःचाच आवाज त्याला दुसऱ्या खोलीतून आल्यासारखा वाटला. “ओढा एक पत्ता.”

तिनं ओढला, छातीशी धरून बघितला, परत ठेवला. सगळ्यांना दाखवायला लावायचं तो साफ विसरला. हात मात्र आपलं काम करत राहिले. कापलं, पसरलं, शोधला. किलवरची सत्ती. ती त्यानं पालथी काढून रसिकाच्या पुढ्यात टेबलावर ठेवली.

“यावर हात दाबून ठेव. मी सांगेपर्यंत उचलायचा नाही.”

“नाही उचलणार, दादा!” तिनं दोन्ही तळवे दाबले.

मग त्यानं गड्डीतून भलताच पत्ता वर काढला. बदामची नव्वी.

“मॅडम, हाच ना तुमचा?”

आता ती नाही म्हणणार. आता त्यानं चेहरा पाडायचा. पण पाडायला लागलाच नाही. तो आधीच पडलेला होता. ओठ सुकले होते. असा चेहरा बघून काकांनी त्याला उचलून घेतलं असतं. पोरं खुसखुसायला लागली. तो टोणगा ओरडला, “चुकला! चुकला!”

वैजयंतीनं एकदा पत्त्याकडे बघितलं, एकदा त्याच्याकडे.

“हो!” ती जोरात म्हणाली. “हाच! अगदी हाच होता माझा!” आणि सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवायला लागली.

घर टाळ्यांनी भरलं. अंबरीश नव्वी धरून तसाच उभा. हिला वाटलं पोरगं खरंच चुकलं. एवढ्या लोकांत त्याचं हसं होऊ नये म्हणून खोटं बोलली. आता रसिकाचा हात उचलायला लावला तर आयुष्यातला सगळ्यात भारी खेळ झाला असता. खरा पत्ता बघून तिचाच चेहरा उतरला असता, आणि खोटी कोण ते सगळ्यांना कळलं असतं.

“दादा, उचलू?” रसिकानं विचारलं.

“नको. राहू दे तसाच.”

केक आला तशी सगळी तिकडे पळाली. वैजयंतीच्या सासूबाई कौतुकानं जवळ आल्या. “हात साफ आहे रे तुझा. शिकतोस कुठे?”

“शाळा सोडली.”

“अरे देवा! आणि आईवडील काही बोलत नाहीत?”

“वडील नाहीत.”

“आणि आई?”

दोन हातांवर वैजयंती डिशमध्ये वेफर्स घालत होती. तिचा हात थांबला. घाई न करता बोलायचं, डोळ्यांत बघून. अंबरीशनं म्हातारीच्या डोळ्यांत बघितलं.

“काका-काकूंकडे असतो मी,” तो म्हणाला.

“बरं बरं. खाऊन जा हं,” म्हणत त्या केककडे गेल्या.

तो पत्ते गोळा करायला वाकला. वैजयंती टेबल पुसायच्या निमित्तानं आली आणि तिनं तो पालथा पत्ता उलटला. किलवरची सत्ती, तिचाच पत्ता.

“अंबू,” ती ओठ न हलवता म्हणाली. “तू चुकला नव्हतास.”

“नाही.”

“मला वाटलं, सगळ्यांसमोर तुझी... म्हणून मी...”

“कळलं.”

“थांब ना थोडा. सगळ्यांना परत बोलावते. परत कर तोच खेळ, या वेळी मी खरं सांगते.”

“काय खरं सांगशील?”

आतून कुणीतरी तिला सुरी मागितली, तिनं “आले!” म्हटलं, पण हलली नाही. सत्ती तिच्या मुठीत दुमडली गेली होती.

“अंबू...”

“सोड,” तो म्हणाला. “मला निघायचंय आता.”