वीतभर उंच केलेली जीप

मी एक जुनी जीप आहे. लोणावळ्यात अनंतरावांच्या बंगल्यामागे, फणसाखाली उभी असते. मित्रांनो, तुम्ही माझ्या बॉनेटवरून घसरता, स्टिअरिंग फिरवत तोंडानं हॉर्न वाजवता. खेळा. पण ज्या डाव्या बैठकीवर बसायला तुम्ही भांडता, तिथं बसणाऱ्या माणसाची गोष्ट तुम्हाला कुणी सांगितलेली नाही.

मला बनवलं लढाईसाठी, तेही अमेरिकेत. माझं स्टिअरिंग डावीकडे आहे ते त्यामुळंच. लढाई संपली, आणि पुढं काही वर्षांनी अनंतरावांनी मला लिलावात घेतलं. मुंबईहून त्यांच्या बंगल्यात पाहुणे उतरत, त्यांना फिरवायला मी. चालवायला ठेवला जवळच्या कुरवंडे गावचा कान्हू. आधी तो परक्यांच्या शेतात मजुरी करायचा. दारूच्या नुसत्या वासानं त्याला मळमळायचं. गावातल्या लग्नात लोक प्यायला बसले की हा उठून माझ्यापाशी येऊन बसायचा. सकाळी मला चालू करताना म्हणायचा, "चल गं बाय, निघू या." पाहुणे माझं कौतुक करत. अनंतराव म्हणत, "माझी जीप म्हणजे डोंगरातली घोरपड!"

पण कुरवंड्याच्या वरच्या पठारावर मात्र मी जात नव्हते. वाटेतले धोंडे पोटाला लागत. पाहुण्यांना नागफणीचा सुळका अगदी जवळून दाखवायचा, ही अनंतरावांची हौस. त्यांनी मला कोंडाजी मिस्त्रीकडं नेलं.

"हिला वीतभर उंच कर," ते म्हणाले.

माझा भार पाट्यांवर असतो. पाटे म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्या. ते चाकांच्या आसाच्या, एक्सलच्या, खाली होते. कोंडाजीनं ते वर बसवले, टोकांना लांब कड्या लावल्या. मी उंच झाले, पण इंजिनाची ताकद मागच्या चाकांना नेणारा माझा लांब दांडा, शाफ्ट, आता फारच तिरका झाला. त्याच्या सांध्यात एक पोलादी क्रॉस असतो, तो वाकड्या कोनात फिरून झिजायला लागला. पुढच्या चाकांकडं जाणारा शाफ्ट तर खाली खटाखट आपटू लागला. कोंडाजीनं तो काढूनच ठेवला.

"सायब, मागचा शाफ्टबी नीट बसवाया पायजे," कोंडाजी म्हणाला. "चार दिस द्या."

"उद्या पाहुणे येतायत. चालतंय ना?"

"चालतंय तसं," कोंडाजी म्हणाला, आणि हात पुसले.

मी पठारावर गेले. टाळ्या पडल्या, फोटो निघाले. उंच झाल्यामुळं बायकांना माझ्यात चढता येईना, त्यांची धडपड बघून अनंतराव पोट धरून हसत. माझ्या पोटात मात्र थरथर सुरू झाली होती, वेग घेतला की दात शिवशिवावेत तशी. कान्हूला ती पायातून कळायची. तो रोज खाली शिरून सांध्याला ग्रीस मारायचा. एकदा मालकीणबाई, रजनीबाई, मागं बसलेल्या असताना तो म्हणाला,

"मालक, गाडी लय थरथरतीया. उभी करू या, मिस्त्रीला दावू."

"गाडी नाही, तूच थरथरतोस. भित्रा आहेस, कान्हू."

रजनीबाई हसल्या.

त्यानंतरच्याच फेरीत, मालक-मालकिणीला घेऊन पठारावरून उतरताना, क्रॉस तुटला. शाफ्टचं सुटलेलं टोक गरगरा फिरलं आणि त्यानं ब्रेकची नळी तोडली. पायाचा ब्रेक गेला. माझा हातब्रेक त्या शाफ्टलाच धरून ठेवतो. शाफ्टच सुटल्यावर तो ओढून काय उपयोग? गिअरही चाकांना रोखेना. उजवीकडं दरड, डावीकडं दरी, आणि मी उतारावर मोकाट.

मला दरवाजे नाहीत. कान्हूला उडी मारता आली असती. त्यानं मारली नाही. "घट्ट धरा!" एवढं ओरडून त्यानं मला दरडीवर घातलं. उजवी चाकं दरडीवर चढली. पूर्वीसारखी बुटकी असते तर घासत पुन्हा खाली आले असते. उंच होते, म्हणून डाव्या कुशीवर कोसळले. कान्हूचा पाय माझ्याखाली सापडला.

अनंतराव आणि रजनीबाई बाहेर निघाले. खरचटलंही नव्हतं.

"काय करून ठेवलंस माझ्या गाडीचं!" अनंतराव म्हणाले. खालून कान्हूच्या ओरडण्याचा आवाज येत होता.

गावकऱ्यांनी मला उचललं. तळेगावच्या दवाखान्यात कान्हूचा पाय मांडीपासून कापला.

मला कोंडाजीकडं ओढून नेलं. मागोमाग अनंतराव आले.

"पाटे होते तसे खाली घे. दोन्ही शाफ्ट नीट बसव. नळी, क्रॉस सगळं नवं."

"अन् मोडका क्रॉस?"

"विहिरीत टाक."

"सायब, त्याचा पाय गेलाय."

"उंच केलीस तू, कोंडाजी. तू सांगणार आहेस तसं?"

कोंडाजीनं पाना उचलला. मग तो कामाला लागला, आणि इतकं निगुतीनं काम त्यानं आयुष्यात केलं नसेल. माझी थरथर थांबली.

अनंतरावांनी पोलिसांत जबानी दिली, ड्रायव्हर प्यायला होता. तपासणीला आलेल्या साहेबांनी मला उतारावर नेलं, ब्रेक दाबले, हातब्रेक ओढला. मी जागच्या जागी उभी राहिले.

"गाडीत काहीच दोष नाही," साहेब म्हणाले.

कान्हूची बायको सावित्राबाई बंगल्यावर आली. रजनीबाई अंगणात होत्या.

"बाईसाब, तुमी मागंच बसला व्हता. ह्यांनी गाडी उभी करा म्हनलं, ते ऐकलं व्हतं का न्हाई?"

"सावित्रा, मला गाडीतलं काही कळत नाही."

"गाडीतलं न्हाई इचारत. मानसाचं बोलनं इचारते."

रजनीबाई आत गेल्या आणि दार लावून घेतलं.

कान्हूला शिक्षा झाली. ती भोगून तो कुबडीवर आला, राखणदारी मागायला. व्हरांड्यात पाहुणे बसले होते.

"दारुड्याला मी कामावर ठेवत नाही," अनंतराव सगळ्यांदेखत म्हणाले. एव्हाना त्यांना ते स्वतःलाही खरं वाटत होतं.

कान्हू वळला. जाताना माझ्यापाशी थांबला, कुबडी टेकून कसाबसा वाकला, खाली हात घालून सांधा चाचपला.

"आता ब्येस बसीवलाय," तो म्हणाला, आणि गेला.

मित्रांनो, गाडीला वेळेवर तेल-ग्रीस द्या, असं तुम्हाला शाळेत सांगतील. मला तेही मिळालं, नीट दुरुस्तीही झाली, पण कधी आणि कशासाठी, ते तुम्ही ऐकलंत. तुम्ही मोठे व्हाल, गाड्या घ्याल. चालवणारा म्हणाला की काहीतरी थरथरतंय, तर त्याच दिवशी गाडी उभी करा, आणि त्याला हसू नका.

आता पळा. व्हरांड्यातून तुमचे आजोबा जेवायला हाका मारतायत. पानावर बसलात की विचारा त्यांना, कान्हूचा पाय कसा गेला? ते सांगतील, दारू पिऊन गाडी चालवत होता. भात कालवता कालवता सांगतील.